लुथरन चर्च सरकारच्या हाताखाली कशी गेली, आणि त्यातून पुढे काय घडलं

प्रश्न असा आहे: सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथर याने पोपची सत्ता झुगारली, मग त्याच्याच नावाची चर्च राजांच्या आणि सरकारी खात्यांच्या हाताखाली कशी गेली? आणि एकाच शिकवणीच्या लुथरन चर्च देशोदेशी इतक्या वेगळ्या का दिसतात? कुठे बिशप आहेत, कुठे नाहीत; कुठे पाळकाला सरकारी पगार, कुठे मंडळीच्या वर्गणीवर संसार.

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं. सरकार लुथरन चर्चमध्ये दार फोडून घुसलं नाही. अडचणीच्या वेळी लुथरनेच राजाला हाक मारली, आणि ती सोय तात्पुरती आहे असं लिहूनही ठेवलं. जर्मनीत ही तात्पुरती सोय 1527 पासून 1918 पर्यंत टिकली. त्या काळात कुठल्या सरकारने कुठली दोरी ओढली, यावरून पुढची चर्च घडली किंवा फुटली. म्हणून कुठल्याही लुथरन चर्चचा इतिहास वाचायला घेताना आधी चार गोष्टी शोधाव्यात: पाळक कोण नेमतो, पगार कुणाच्या तिजोरीतून येतो, उपासनेचं पुस्तक कुणाच्या सहीने निघतं, आणि माणसाला चर्च सोडायची मुभा कुणी दिली. विश्वासाची कलमं नंतर वाचली तरी चालतात. सुरुवात कलमांपासून केली, तर भांडण कशावरून पेटलं हेच हाती लागत नाही.

सुरुवात सॅक्सनीची, म्हणजे लुथर राहत होता त्या जर्मन संस्थानाची. 1525 च्या शेतकरी उठावानंतर तिथल्या गावांमधली चर्चची घडी पार विस्कटली होती. जुने बिशप लुथरच्या सुधारणेच्या विरोधात, त्यामुळे त्यांचा अधिकार कुणी मानत नव्हतं. त्यांची न्यायालयं बंद पडली. मठांच्या जमिनींवर सरदारांचा डोळा होता आणि शेतकऱ्यांनी पाळकाचा वाटा देणं थांबवलं होतं. पाळक उपाशी, शाळा ओस. लुथरने इलेक्टर योहानला, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या सॅक्सनीच्या राजाला, पुन्हा पुन्हा पत्रं लिहिली: आता तुम्हीच लक्ष घाला.

1527 मध्ये इलेक्टरने तपासणी मंडळ नेमलं. त्यात चार माणसं होती. दरबारचे सरदार आणि कायदेपंडित मालमत्ता व उत्पन्न बघणार, आणि लुथरचा सहकारी मेलांख्टन याच्यासारखे विद्वान शिकवण बघणार. हे मंडळ गावोगाव फिरलं. पाळकाला काय येतं, तो काय शिकवतो, त्याला जमीन किती, धान्य किती मिळतं, कोण देत नाही, सगळं नोंदवलं गेलं. निभावण्यासारखा नसलेला पाळक काढायचा, निभावणाऱ्याचं उत्पन्न ठरवून द्यायचं. खेड्यांतलं अज्ञान पाहून लुथर हादरला, आणि त्यातूनच 1529 ची त्याची लहान आणि मोठी प्रश्नोत्तरावली आली. म्हणजे लुथरन घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आलेलं हे छोटं पुस्तक एका सरकारी तपासणीतून जन्माला आलं आहे.

1528 मध्ये या तपासणीची सूचनापुस्तिका छापली गेली. तिच्या प्रस्तावनेत लुथरने अगदी तोलून लिहिलं: शिकवण्याचं आणि आत्मिक कारभार करण्याचं काम राजाला सोपवलेलं नाही, तो हे करतोय ते ख्रिस्ती प्रेमापोटी, आणि प्रजेत फूट-दंगा होऊ नये ही राज्यकर्ता म्हणून त्याची जबाबदारी आहे म्हणून. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीतून पुढचा सगळा इतिहास आत शिरला. ‘प्रेमापोटी’ हा शब्द पुढच्या कायदेपंडितांनी बाजूला ठेवला. ‘फूट होऊ नये’ एवढं धरून त्यांनी राजाला सर्वोच्च बिशपच करून टाकलं.

हा बदल लग्नाच्या खटल्यांनी पक्का केला, आणि इथेच बहुतेकांची नजर चुकते. वाङ्निश्चय मोडला, नवरा परागंदा झाला, जवळच्या नात्यात लग्न ठरलं, हे सगळे वाद आधी बिशपच्या न्यायालयात जात. ते न्यायालय गेल्यावर लोक गावच्या पाळकाकडे जाऊ लागले, आणि पाळकाच्या निकालाला कुणी जुमानेना. म्हणून 1539 मध्ये लुथरच्याच गावी, विटेनबर्गला, ‘कॉन्सिस्टोरियम’ बसलं. धर्मशास्त्री आणि कायदेपंडित एका मेजाभोवती, निकालाच्या मागे राजाची ताकद आणि सभासदांना राजाचा पगार. लग्नापुरतं सुरू झालेलं हे कार्यालय हळूहळू पाळकांच्या नेमणुका, शिस्त, परीक्षा सगळं बघू लागलं. जर्मनीतल्या बहुतेक लुथरन संस्थानांनी हाच नमुना उचलला.

लुथरला धोका दिसत नव्हता असं नाही. 1542 मध्ये इलेक्टर योहान फ्रेडरिकने नाउमबर्गला तिथल्या धर्ममंडळाने निवडलेला माणूस डावलून निकोलाउस फॉन आम्सडोर्फला बिशप केलं, आणि दीक्षा लुथरने स्वतः दिली. पण पुढच्याच वर्षी दरबाऱ्यांची चर्चमधली ढवळाढवळ बघून त्याने एका पाळकाला लिहिलं की सैतान तो सैतानच; पोपच्या काळात त्याने चर्च राज्यकारभारात कालवली, आता आमच्या काळात राज्यकारभार चर्चमध्ये कालवू पाहतोय. हे उद्गार मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण लुथरने चर्च राजाला विकली असं सरसकट म्हणणाऱ्यांना ते ठाऊक नसतात.

आता 1530 चा ऑग्सबर्गचा विश्वासांगीकार. लुथरन चर्चचा हा पायाभूत दस्तऐवज. मजकूर मेलांख्टनचा, पण खाली सह्या कुणाच्या? सॅक्सनीचा इलेक्टर, ब्रांडेनबुर्ग-आन्सबाखचा गेऑर्ग, हेसेचा फिलिप, आणखी काही राजे, आणि न्यूरेंबर्ग व रॉइटलिंगेन ही शहरं. पाळकाची एकही सही नाही. 1555 च्या ऑग्सबर्ग तहाने या अंगीकाराला पवित्र रोमन साम्राज्याच्या कायद्याचं संरक्षण दिलं. प्रजेचा धर्म राजा ठरवील. ज्याला पटत नाही त्याने मालमत्ता विकून निघून जावं. हे संरक्षण फक्त जुन्या कॅथलिक धर्माला आणि या अंगीकाराला होतं. कॅल्व्हिनपंथीयांना, म्हणजे सुधारणेच्या दुसऱ्या शाखेला, ते 1648 पर्यंत मिळालं नाही. प्रभुभोजनातली भाकर हे ख्रिस्ताचं खरं शरीर का, यावर या दोन शाखांचं पटत नव्हतं.

म्हणूनच प्रभुभोजनाविषयीचं एखादं वाक्य राजांना इतकं महत्त्वाचं झालं. दरबारचे धर्मशास्त्री कॅल्व्हिनकडे झुकले, तर संस्थानच तहाच्या छत्राबाहेर जाण्याची भीती होती. 1574 मध्ये सॅक्सनीच्या इलेक्टर आउगुस्टने अशा संशयावरून माणसं पकडली; मेलांख्टनचा जावई कास्पर पॉयकर बारा वर्षं तुरुंगात होता. त्याच आउगुस्टने पुढाकार घेऊन आणि पैसा घालून लुथरन शिकवणीतले वाद मिटवणारं 1577 चं एकमताचं सूत्र आणि सगळे अंगीकार एकत्र बांधणारा 1580 चा एकमतग्रंथ तडीला नेला. आठ हजारांवर पाळक-शिक्षकांनी त्यावर सह्या केल्या. धर्मशास्त्राच्या दृष्टीने काम उत्तम झालं, यात मला शंका नाही. पण सही नाकारणाऱ्याची नोकरी शाबूत राहील याची हमी बहुतेक ठिकाणी नव्हती, हेही त्यासोबत सांगायला हवं.

एकमताच्या सूत्रातलं दहावं कलम मात्र सरकारी दडपणाच्या अनुभवातूनच आलं आहे. श्मालकाल्डेनच्या युद्धात लुथरन राजे हरल्यावर 1548 मध्ये सम्राटाने हंगामी धर्मव्यवस्था लादली. झगे, उपास, सण अशा ‘बिनमहत्त्वाच्या’ गोष्टी मान्य करून बाकीचं वाचवावं, असं मेलांख्टनचं मत. फ्लाकियुस हा धर्मशास्त्री आणि माग्डेबुर्ग शहर म्हणालं, छळ करून मागितलेली कुठलीही गोष्ट बिनमहत्त्वाची राहत नाही. आणि त्या शहराने 1550-51 मध्ये वेढा सोसला. दहाव्या कलमाने फ्लाकियुसच्या बाजूचा निकाल दिला: कबुलीची वेळ येते तेव्हा क्षुल्लक गोष्टीतही माघार घ्यायची नाही. हे कलम लक्षात ठेवावं, खाली प्रशियात पुन्हा त्याची गाठ पडते.

उत्तरेकडे गोष्ट झटपट उरकली. डेन्मार्कमध्ये तिसऱ्या ख्रिश्चनने ऑगस्ट 1536 मध्ये सगळ्या बिशपांना अटक केली, त्यांच्या जमिनी आणि दशमांशातला त्यांचा वाटा राजाकडे घेतला. पुढच्या वर्षी विटेनबर्गहून आलेल्या बुगेनहागेन या लुथरच्या सहकाऱ्याने राजाला मुकुट घातला आणि बिशपांच्या जागी सात नवे अधीक्षक नेमले. एकमतग्रंथ आला तेव्हा दुसऱ्या फ्रेडरिकने त्याच्यावर बंदी घातली. जर्मनांचं भांडण आपल्या राज्यात नको, एवढंच त्याचं म्हणणं. आजही डॅनिश चर्च प्राचीन मतांगीकार, ऑग्सबर्गचा अंगीकार आणि लहान प्रश्नोत्तरावली एवढंच मानते. एका राजाचा 1580 चा हुकूम साडेचारशे वर्षांनंतरही तिच्या शिकवणीची हद्द ठरवतो आहे. तिला स्वतःची सर्वोच्च धर्मसभा आजही नाही, कायदे संसद करते. देशाच्या बहुतेक भागात मुलाच्या जन्माची सरकारी नोंददेखील चर्चच्याच कार्यालयात होते.

स्वीडनमध्ये गुस्ताव वासाला कर्ज फेडायला पैसा हवा होता. 1527 च्या वेस्तेरोसच्या सभेने बिशपांचे किल्ले आणि ‘जादा’ उत्पन्न त्याच्या हाती दिलं. बिशप मात्र राहिले, कारण तिथे जुनी घडी मोडली नव्हती, फक्त तिचा पैसा गेला होता. स्वीडिश चर्चमध्ये बिशपांची परंपरा अखंड दिसते ती यामुळे. दोन्ही राज्यांत पुढे घरगुती प्रार्थनासभांवर बंदी आली: स्वीडनमध्ये 1726 ला, डेन्मार्क-नॉर्वेत 1741 ला. नॉर्वेतला शेतकरी प्रवचनकार हान्स नील्सेन हाउगे याला याच कायद्याखाली 1804 मध्ये पकडलं, आणि खटला 1814 पर्यंत रेंगाळला. लुथरन राज्यात लुथरचाच उपदेश वाचून दाखवणारा लुथरन माणूस तुरुंगात गेला. त्याच्याकडे सरकारी नेमणुकीचा कागद नव्हता, एवढाच गुन्हा.

आता प्रशिया. सरकारी हस्तक्षेपाचे परिणाम सगळ्यात स्पष्ट दिसतात ते इथे.

1613 च्या नाताळात ब्रांडेनबुर्गचा, म्हणजे पुढच्या प्रशियाच्या राजघराण्याच्या मूळ संस्थानाचा, इलेक्टर योहान सिगिसमुंड कॅल्व्हिनपंथी झाला. प्रजेने लुथरन राहावं याला त्याची हरकत नव्हती. पण तेव्हापासून राजघराणं एका पंथाचं आणि बहुतेक प्रजा दुसऱ्या पंथाची, असा दोनशे वर्षांचा पेच सुरू झाला. 1664 मध्ये व्यासपीठावरून एकमेकांवर टीका करायला बंदी आली आणि पाळकांकडून लेखी हमी मागितली गेली. भक्तिगीतकार पाउल गेरहार्टने सही नाकारली. 1666 मध्ये बर्लिनच्या निकोलाय चर्चमधून त्याला काढलं. शहरवासीयांच्या अर्जांमुळे राजाने त्याला सहीशिवाय परत बोलावलं, पण न लिहिलेली अटही अटच, म्हणून तो गेला नाही.

प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याच्या घरात हा पेच अगदी ताटापर्यंत आला होता. तो कॅल्व्हिनपंथी, राणी लुईझा लुथरन. दोघांना एका मेजावर प्रभुभोजन घेता येत नसे. 27 सप्टेंबर 1817 ला त्याने आवाहन काढलं की सुधारणेच्या त्रिशताब्दीला दोन्ही पंथांनी एक व्हावं. शब्द गोड होते, सक्ती नव्हती. सक्ती आली 1822 च्या उपासनाविधीच्या पुस्तकातून, जे राजाने स्वतः जुनी पुस्तकं चाळून तयार केलं होतं. श्लायरमाखर हा धर्मशास्त्री एकीकरणाच्या बाजूचा, तरी त्यानेही विरोध केला: उपासना ठरवण्याचा हक्क राजाला कुणी दिला?

अडचण नेमकी कुठे होती हे नीट बघायला हवं, कारण लांबून हा हट्टी लोकांचा शब्दच्छल वाटतो. लुथरन पाळक भाकर देताना म्हणत असे: घे आणि खा, हे ख्रिस्ताचं खरं शरीर आहे. नव्या पुस्तकात वाक्य झालं: आपला प्रभु येशू ख्रिस्त म्हणतो, हे माझं शरीर आहे. वाक्य बायबलमधलंच, त्यात चूक काढायला जागा नाही. पण पहिल्यात पाळक समोरच्या भाकरीबद्दल स्वतः ग्वाही देतो. दुसऱ्यात तो फक्त ख्रिस्त काय म्हणाला हे सांगतो, आणि अर्थ ज्याचा त्याने लावायचा. लुथरन आणि कॅल्व्हिनपंथी दोघांना एका रांगेत उभं करायचं तर दुसरंच वाक्य लागतं. वाक्य बदललं की कबुली बदलली, हे ब्रेस्लाउचा प्राध्यापक-पाळक योहान गॉटफ्रिड शाइबल याने ओळखलं. 1830 मध्ये ऑग्सबर्ग अंगीकाराच्याच त्रिशताब्दीला नवं पुस्तक वापरायचा आग्रह झाला. त्याने नकार दिला आणि निलंबित झाला.

1834 च्या राजाज्ञेने घोळ आणखी वाढवला. तिच्यात म्हटलं होतं की एकीकरणामुळे कुणाचा अंगीकार रद्द होत नाही, मात्र उपासनेचं पुस्तक सक्तीचं आहे, आणि वेगळी चर्च काढता येणार नाही. मनात लुथरन राहा, तोंडाने आमचं पुस्तक वाचा, असा त्याचा अर्थ. दहावं कलम नेमकं याच जागेसाठी लिहिलेलं होतं. सायलेशियातल्या होनिगेर्नच्या गावकऱ्यांनी चर्चच्या किल्ल्या दिल्या नाहीत. पाळक केल्नर आधीच अटकेत होता. 24 डिसेंबर 1834 ला पहाटे पायदळ आणि घोडदळ आलं, दाराशी गाणी म्हणत बसलेल्या लोकांना हुसकावलं, दार फोडलं, आणि नाताळची उपासना नव्या पुस्तकाने झाली. निलंबित पाळकांनी चोरून बाप्तिस्मे दिले की त्यांना दंड-तुरुंग, घर देणाऱ्यालाही दंड.

इथे राजाचा हिशेब का चुकला? नेमणुका आणि पगार त्याच्या हाती होते, त्यामुळे बहुतेक पाळक वळले. पण प्रभुभोजनाचे शब्द सामान्य माणसाला तोंडपाठ होते. कॉन्सिस्टोरियममध्ये कोण बसतो हे खेड्यातल्या बाईला ठाऊक नसतं. भाकर हातात ठेवताना पाळक काय म्हणाला, हे तिला बरोबर कळतं. पैसा आणि नेमणुकांवर सरकारचा हात पडला तेव्हा लुथरन लोकांनी बहुधा सोसलं. उपासनेच्या शब्दांवर पडला तेव्हा ते उठले.

त्यांच्यापैकी हजारो लोक जहाजांनी निघून गेले. क्लेम्झिगचा पाळक आउगुस्ट कावेल जॉर्ज फाइफ अँगस या इंग्रज व्यापाऱ्याच्या मदतीने 1838 मध्ये आपल्या लोकांना दक्षिण ऑस्ट्रेलियात घेऊन गेला. पाठोपाठ आलेल्या ‘झेब्रा’ जहाजाच्या कप्तान हानच्या नावाने अ‍ॅडलेडजवळ हानडोर्फ वसलं, आणि ते आजही आहे. 1839 मध्ये ग्राबाउ हा पाळक आपल्या लोकांसह न्यूयॉर्क राज्यातल्या बफलोला गेला. राहिलेल्यांना नव्या राजाने 1845 मध्ये वेगळी चर्च म्हणून मान्यता दिली.

सॅक्सनीतून 1838-39 मध्ये मार्टिन स्टेफान या पाळकाच्या मागे गेलेले लोक अमेरिकेतल्या मिझुरीत उतरले. पाच जहाजांपैकी ‘अमालिया’ समुद्रात नाहीशी झाली. उतरल्यावर काही महिन्यांतच स्टेफानला गैरवर्तनाच्या आरोपावरून काढावं लागलं, आणि या लोकांपुढे असा प्रश्न उभा राहिला जो तीनशे वर्षांत सॅक्सनीतल्या लुथरन माणसाला पडलाच नव्हता: राजा नाही, कॉन्सिस्टोरियम नाही, बिशप नाही, मग आपण चर्च आहोत का? आपल्या पाळकाने दिलेला बाप्तिस्मा खरा का? एप्रिल 1841 मध्ये आल्टेनबर्ग गावी यावर जाहीर वाद झाला. त्यांच्यातल्याच वाल्टर या पाळकाने सांगितलं की जिथे वचन आणि संस्कार आहेत तिथे जमलेले विश्वासी हेच चर्च, आणि पाळक बोलावण्याचा अधिकार त्यांचाच. 1847 मध्ये याच पायावर मिझुरी सिनड, म्हणजे मंडळ्यांची सामाईक धर्मसभा, उभी राहिली. तिच्या घटनेत सिनड मंडळीला सल्ला देऊ शकते, हुकूम नाही. जर्मनीतल्या सरकारी कार्यालयाला विटलेल्या माणसांनी लिहिलेली ही घटना आहे, हे विसरून ती वाचली तर नुसती विस्कळीत वाटते.

भारतातल्या लुथरन चर्चचा जन्मही राजाज्ञेतूनच झाला. डेन्मार्कच्या चौथ्या फ्रेडरिकने पाठवलेले त्सीगेनबाल्ग आणि प्लुचाउ 9 जुलै 1706 ला तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडी या डॅनिश ठाण्यावर उतरले. तंजावरच्या नायकाकडून 1620 मध्ये मिळवलेल्या या ठाण्यासाठी डॅनिश लोक पुढे तंजावरच्या मराठा दरबाराला वार्षिक देणं देत. राजाला मिशन हवं होतं, डॅनिश ईस्ट इंडिया कंपनीला नको होतं. धर्मांतराने व्यापार बिघडेल अशी भीती. कमांडंट हासियुसने 1708 मध्ये त्सीगेनबाल्गला चार महिने कोठडीत ठेवलं. एकाच देशाची दोन सरकारी अंगं एकमेकांच्या विरुद्ध उभी होती. तरीही काही वर्षांत त्याने तमिळ नवा करार छापून काढला.

त्याच मिशनमधला क्रिस्टियान फ्रेडरिक श्वार्ट्‌झ मराठी वाचकाला ओळखीचा असायला हवा. तुळजाराजांनी 1787 मध्ये मृत्युशय्येवर दत्तक पुत्र सरफोजींना त्याच्या हवाली केलं, आणि सरफोजींचा गादीवरचा हक्क कंपनी सरकारपुढे मांडण्यात त्याचा मोठा वाटा होता. सरफोजींनी त्याच्या स्मरणार्थ शिल्पकार फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे. आता पगाराची दोरी बघा. श्वार्ट्‌झ शेवटपर्यंत लुथरन राहिला, पण 1760 च्या दशकापासून त्याचा खर्च इंग्लंडच्या अँग्लिकन संस्थेकडून येत होता. ती मिशनं 1820 च्या दशकात सरळ अँग्लिकनांकडे गेली आणि आज चर्च ऑफ साउथ इंडियात आहेत. लुथरन पाळकाने उभारलेली मंडळी, शिकवणीचा एकही वाद न होता, पगारपत्रकामुळे दुसऱ्या चर्चची झाली.

पहिल्या महायुद्धात उलट घडलं. ब्रिटिश सरकारने जर्मन मिशनऱ्यांना शत्रूराष्ट्राचे नागरिक म्हणून नजरकैदेत टाकलं, मग मायदेशी पाठवलं. छोटा नागपूरमधल्या जर्मन गॉस्नर मिशनच्या आदिवासी मंडळ्या एकाएकी पोरक्या झाल्या. आपण आता कुणाचे, या प्रश्नाला त्यांनी 10 जुलै 1919 ला स्वायत्त चर्च जाहीर करून उत्तर दिलं. तमिळ लुथरन चर्चही त्याच वर्षी जानेवारीत स्थापन झाली. मिशनऱ्यांच्या हातून जो कारभार सुटायला आणखी पिढी-दोन पिढ्या लागल्या असत्या, तो एका युद्धकालीन आदेशाने सुटला.

नोव्हेंबर 1918 मध्ये जर्मन राजे गेले, आणि त्यांच्याबरोबर ‘सर्वोच्च बिशप’ही गेला. नव्या प्रजासत्ताकाच्या वायमार घटनेने सरकारी चर्च नाही असं सांगितलं, पण चर्चच्या सभासदांवरचा चर्चकर सरकारनेच गोळा करायची सोय ठेवली. आजही तो आयकराच्या 8 किंवा 9 टक्के असतो. 1933 मध्ये हिटलरच्या सरकारला हीच यंत्रणा आयती मिळाली. जुलैमध्ये घाईने चर्चच्या निवडणुका घेतल्या, ‘जर्मन ख्रिश्चन’ गटाने बहुतेक ठिकाणी सत्ता मिळवली, लुडविग म्यूलर राष्ट्राचा बिशप झाला. ज्यू वंशाच्या पाळकांना काढायचा नियम प्रशियाच्या सिनडने सप्टेंबरमध्ये मंजूर केला. पुढे वित्त विभाग नेमून पगारवाटपच सरकारी माणसांकडे दिलं गेलं. हानोवर, व्युर्टेमबर्ग आणि बव्हेरिया या तीन लुथरन चर्चची घडी शाबूत राहिली. ऑक्टोबर 1934 मध्ये बव्हेरियाचे बिशप माइझर आणि व्युर्टेमबर्गचे वुर्म नजरकैदेत गेले, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि हिटलरने माघार घेतली. मंडळी उठली तर हुकूमशहाही थबकतो, हे तिथे सिद्ध झालं. पण ही ताकद चर्चने स्वतःचं कार्यालय वाचवायला वापरली. ज्यू शेजाऱ्यांसाठी ती अशी कधी रस्त्यावर आली नाही. ही गोष्ट मवाळ शब्दांत सांगता येत नाही.

नॉर्वेत तोच लुथरन वारसा वेगळ्या रीतीने वापरला गेला. 1 फेब्रुवारी 1942 ला नाझींच्या ताब्यातल्या नॉर्वेत त्यांना साथ देणाऱ्या क्विसलिंगच्या सरकारने ट्रॉनहाइमच्या निदारोस कॅथेड्रलमधली सकाळची उपासना स्वतःच्या माणसाकडे दिली. डीन फ्येलबूने दुपारी दोनला आपली उपासना ठेवली. पोलिसांनी दारं अडवली. कडाक्याच्या थंडीत लोक बाहेर उभे राहिले आणि ‘आमचा देव भक्कम गड’ हे लुथरचं गीत गाऊ लागले. 24 फेब्रुवारीला सातही बिशपांनी पदाचा सरकारी भाग सोडला, 5 एप्रिलच्या ईस्टरला बहुसंख्य पाळकांनी तेच केलं. त्यांनी काय सोडलं आणि काय ठेवलं, ते बारकाईने बघावं. सरकारी पगार, सरकारी नोंदवही, सरकारी हुद्दा सोडला. उपदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, आजाऱ्यांच्या भेटी चालू ठेवल्या. ते काम सरकारने दिलंच नव्हतं, म्हणून परत करायचं कारण नव्हतं. संसार मंडळीच्या गुप्त वर्गणीवर चालले. बिशप बेर्ग्राव युद्ध संपत येईपर्यंत आस्करजवळच्या लाकडी झोपडीत पहाऱ्यात होते. 1528 च्या प्रस्तावनेत लुथरने राजाचं काम आणि पाळकाचं काम यांत जी रेघ ओढली होती, तीच रेघ या पाळकांनी राजीनाम्याच्या कागदावर ओढली.

त्याच नॉर्वेत 1 जानेवारी 2017 ला बाराशेहून अधिक पाळक आणि बिशप सरकारी नोकर राहिले नाहीत; चर्च स्वतंत्र कायदेशीर संस्था झाली. राज्यघटनेत मात्र राजाने इव्हॅन्जेलिकल-लुथरन धर्म मानावा हे कलम तेव्हा तसंच ठेवलं गेलं, आणि चर्चचा मुख्य खर्च अजून सार्वजनिक तिजोरीतूनच येतो.